पहिल्या परदेशवारीची तयारी : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

मे महिन्याच्या सुट्टीचे बेत घराघरांत ठरू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या खेपेस पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून आलेली बहुतेक पत्रे अशा वाचकांची आहेत, जे आयुष्यात प्रथमच देशाबाहेर पाऊल ठेवणार आहेत आणि तेही पाच ते आठ दिवसांसाठी. महिनाभराच्या प्रवासात एखादा दिवस वाया गेला तरी तो पुढेमागे भरून काढता येतो. पाच दिवसांच्या सहलीत मात्र विमानतळावर अडकून पडलेला एक दिवस म्हणजे सहलीचा पाचवा हिस्सा असतो. म्हणून पुढील उत्तरांत तिकडे काय पाहावे यापेक्षा इकडे घरी बसून काय पुरे करावे, यावर आम्ही भर दिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि आमची दोन मुले मेच्या दुसऱ्या आठवड्यात थायलंड किंवा सिंगापूरला जाण्याचा विचार करीत आहोत. माझा पासपोर्ट सप्टेंबरअखेर संपतो, म्हणजे प्रवासाच्या वेळी तो चालू असेल. तेवढे पुरेसे आहे ना? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : पुरेसे नाही, आणि आपण हे तिकिटे काढण्यापूर्वी विचारलेत हे फार बरे झाले. आग्नेय आशियातील बहुतेक देश आणि आखाती देश, प्रवेशाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी, अशी अपेक्षा धरतात. आपण १० मे रोजी उतरणार असाल तर तो निदान १० नोव्हेंबरपर्यंत वैध हवा. मुदत कमी असेल तर विमान कंपनी आपल्याला मुंबईतच थांबवते, कारण तिकडून प्रवाशाला परत पाठवले गेले तर त्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो. आपण पासपोर्ट ‘रीइश्यू’ करण्याचा अर्ज आजच ऑनलाइन भरावा आणि मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातील मिळेल ती पहिली वेळ घ्यावी. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी वर आणखी २,००० रुपये भरावे लागतात. सुट्टीच्या तोंडावर केंद्रातील वेळा भराभर भरतात आणि पोलीस पडताळणीतही दिवस जातात, हे ध्यानात ठेवावे.

मुलांचे पासपोर्टही आजच कपाटातून काढून पाहा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. पंधरा वर्षांखालील मुलांचा मात्र पाचच वर्षांचा असतो. आपला आणि मुलांचा पासपोर्ट एकाच दिवशी काढला म्हणून दोन्ही एकाच दिवशी संपतील, या समजुतीमुळे अनेक कुटुंबांची ऐन वेळी धावपळ झालेली आम्ही पाहिली आहे.

तिकीट काढताना नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पासपोर्टवर त्यांतील पहिले दोन बहुधा ‘गिव्हन नेम’च्या ओळीत एकत्र छापलेले असतात. तिकिटाच्या अर्जातील पहिल्या चौकटीत ती ओळ जशी आहे तशीच उतरवावी आणि आडनाव दुसऱ्या चौकटीत लिहावे. विवाहानंतर नाव बदलले असले तरी पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर तिकीट, व्हिसा आणि हॉटेल या सर्वांवर माहेरचेच नाव द्यावे. पासपोर्टवरच्या नावाने प्रवास करण्यात कोणतीही अडचण नाही. अडचण येते ती दोन कागदांवर दोन नावे असली म्हणजे.

राहिला देशाचा प्रश्न. सिंगापूरला जाण्यासाठी भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागतो. थायलंडने भारतीय पर्यटकांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलले आहेत. त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नये. तिकीट काढण्याच्या दिवशी आणि पुन्हा निघण्यापूर्वी पंधरा दिवस, असे दोनदा त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पाहावेत. दोन्ही देशांत उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. सिंगापूरचा ‘एसजी अरायव्हल कार्ड’ आणि थायलंडचा १ मे २०२५ पासून सुरू झालेला ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’, दोन्ही विनामूल्य आहेत. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ समोर आले तर ते सरकारी नाही, असे समजून बंद करावे.

प्रश्न : आमचे विमान मुंबईहून १५ मे रोजी रात्री ००.४० वाजता सुटते. पुण्याहून केव्हा निघावे? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : १४ मे रोजी दुपारी चारच्या सुमारास. हे वाक्य घरातील सर्वांनी मोठ्याने वाचावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ००.४० म्हणजे १४ तारखेची रात्र संपून चाळीस मिनिटे उलटल्यावरची वेळ. आमच्याच नात्यातील एक कुटुंब काही वर्षांपूर्वी अशाच वेळेच्या विमानासाठी १५ तारखेच्या संध्याकाळी सामान बांधून तयार झाले, तेव्हा त्यांचे विमान त्यांच्याविना जाऊन अठरा तास लोटले होते. चौघांची तिकिटे गेली, हॉटेलची पहिली रात्र गेली आणि घरातील धाकट्या मुलीचे रडणे आम्हाला आजही आठवते. चूक साधी होती, आणि ती सुशिक्षित माणसांकडून वारंवार होते. मध्यरात्र ते पहाट या वेळेतील तिकीट असेल तर दिनदर्शिकेवर विमानाच्या वेळेऐवजी घरातून निघण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर असावे, म्हणजे आपल्या बाबतीत रात्री पावणेदहापर्यंत. पुणे ते मुंबई विमानतळ हे अंतर एरवी साडेतीन-चार तासांत कापता येते, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळे हिशेब कोलमडतात. रविवारी संध्याकाळी मुंबईच्या दिशेला गर्दी असते आणि पावसाळ्यात दरडीची भीती असते. त्यामुळे दीड-दोन तास हातचे राखावेत. आणखी एक गोष्ट नव्याने पाहावी लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर ते अंधेरी-सहारकडील जुने विमानतळ आणि ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबईचे. गाडी ठरवताना चालकाला हे स्पष्ट सांगावे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी जाणारी थेट विमाने मोजकीच आहेत. आपल्या ठिकाणासाठी तसे विमान मिळाले आणि भाड्यात दोन-तीन हजारांचाच फरक असेल, तर आम्ही बेलाशक पुण्याचे विमान घ्यावे असे म्हणू.

प्रश्न : आम्ही निवृत्त पती-पत्नी आहोत. जूनमध्ये आठ दिवस फ्रान्स आणि स्वित्झर्लंड पाहायचे आहे. व्हिसासाठी बँकेत मोठी रक्कम दिसावी म्हणून मुलाने आमच्या खात्यात पैसे भरावेत का? ट्रॅव्हल एजंट ‘डमी तिकीट’ काढून देतो म्हणतो, तेही योग्य आहे का? (एक वाचक, एरंडवणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड हे दोन्ही शेंगेन गटातील देश आहेत; या गटात सध्या २९ देश असून एका व्हिसावर सर्वत्र फिरता येते. ज्या देशात आपल्या जास्त रात्री आहेत त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि रात्री समसमान असतील तर ज्या देशात आपण प्रथम उतरता त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो झालाच पाहिजे. मात्र शेवटच्या तारखेचा आधार घेऊ नये. उन्हाळ्यात अर्ज केंद्रावरील वेळा मिळणेच कठीण होते. जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज केलेला उत्तम.

अर्ज तपासणारा अधिकारी खात्यातील एका आकड्यापेक्षा गेल्या काही महिन्यांचा ओघ पाहतो. दरमहा जमा होणारे निवृत्तिवेतन, ठेवींचे व्याज आणि नियमित खर्च यांतून जे स्थिर चित्र उभे राहते, त्यावर त्याचा विश्वास बसतो. अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक आलेले पाच लाख रुपये त्याच विश्वासाला तडा देतात. मुलगा खर्च करणार असेल तर तसे त्याच्या सहीचे पत्र, त्याचे बँकेचे उतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे जोडावीत. ही पद्धत मान्य आहे आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. निवृत्तिवेतनाचे कागद, घराची कागदपत्रे आणि ठेवींच्या पावत्या यांतून आपण परत येणार आहात, हे दिसते. अर्जाचा खरा मुद्दा तोच असतो.

तिकिटाबाबत सांगायचे तर, व्हिसा मिळण्यापूर्वी पूर्ण पैसे भरलेले तिकीट असलेच पाहिजे, असा शेंगेनचा नियम नाही. विमान कंपनीकडे नोंदलेले खरे आरक्षण पुरते. तपासल्यास सापडणार नाही असा बनावट कागद जोडला आणि अर्ज नाकारला गेला, तर त्या नकाराची माहिती पुढे इतर देशांच्या अर्जांतही द्यावी लागते. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसांनी एका सहलीसाठी हा डाग लावून घेऊ नये. व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा, आणि किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा प्रवास विमा बंधनकारक आहे. छायाचित्र ३५ × ४५ मिलिमीटरचे आणि सहा महिन्यांच्या आतले असावे. जुन्या अल्बममधले चालत नाही. शेंगेनसाठी पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे तीन महिने असावी लागते आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो.

प्रश्न : भाचीकडे आठवडाभर दुबईला जात आहोत. तिच्यासाठी करंज्या, अनारसे, बाकरवडी, घरचा गोडा मसाला आणि लोणचे न्यायचे आहे. विमानात नेऊ देतात का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर आम्ही सविस्तर देत आहोत, कारण आपल्या घरांतील प्रेमाचा हा सर्वांत नेहमीचा मार्ग आहे आणि नेमका त्यातच एक गंभीर धोका दडलेला आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास कायद्याने बंदी आहे. खसखस ही अफूच्या झाडाचे बी असल्याने तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली मोडते, आणि अगदी थोड्या प्रमाणासाठीही लोकांना अटक झालेली आहे. सिंगापूरही खसखशीला निषिद्ध मानते. आता आपल्या यादीकडे पाहा. अनारसे खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणात ती भाजून घालतात, बाकरवडीच्या सारणात बहुधा असते आणि कित्येक घरांत गोड्या मसाल्यातही पडते. तेव्हा दुबईसाठी खसखस पूर्णपणे वगळून वेगळा घाणा करावा आणि विकतच्या पाकिटावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय ते बॅगेत टाकू नये. पान आणि सुपारीही तिकडे नेऊ नये. भाचीला अनारशांऐवजी बेसनाचे लाडू, चकली आणि शेव दिली तर ती नाराज होणार नाही.

दुसरी गोष्ट सुक्या खोबऱ्याची. खोबऱ्याच्या वाट्यांत तेलाचे प्रमाण जास्त असल्याने त्या ज्वलनशील मानल्या जातात आणि आपल्या विमानतळांवर चेक-इनच्या सामानात त्यांना परवानगी नाही. पूजेसाठी बरोबर घेतलेला कापूरही याच कारणाने काढून घेतात. लोणचे मात्र चेक-इनच्या बॅगेत द्यावे. केबिनच्या बॅगेत द्रव आणि जेलसारखे पदार्थ १०० मिलिलिटरहून मोठ्या डबीत चालत नाहीत आणि तेल सुटलेले लोणचे त्यातच धरले जाते. डबा चिकटपट्टीने बंद करून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत ठेवावा, अन्यथा सर्व कपड्यांना मोहरीचा वास लागतो.

हेच नियम सर्व देशांना लागू होतात असे नाही. युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर आणण्यास मनाई आहे, म्हणून तिकडे जाताना साजूक तूप, खवा, पेढे घेऊ नयेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू आगमनाच्या अर्जात घोषित करावी लागते. न्यूझीलंडमध्ये विसरून राहिलेल्या एका सफरचंदासाठीही ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागीच होऊ शकतो. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड करीत नाहीत. म्हणून शंका आली की ‘होय’वर खूण करावी.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. विमानात आणि बँकॉकमध्ये खाण्याचे काय? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : विमानातील शाकाहारी जेवण आपोआप मिळेल असे समजू नये, ते किमान ४८ तास आधी नोंदवावे. नोंदवताना ‘हिंदू मील’ निवडू नये, कारण त्या नावाखाली बहुतेक विमान कंपन्या कोंबडी किंवा मासे असलेले, फक्त गोमांस वर्ज्य असलेले जेवण देतात. आपल्याला हवे ते ‘एव्हीएमएल’, म्हणजे आशियाई शाकाहारी जेवण. कांदा-लसूणही नको असेल तर ‘व्हीजेएमएल’, म्हणजे जैन जेवण.

थायलंडमध्ये केवळ भाज्यांच्या पदार्थातही ‘नाम प्ला’ हे माशांचे पाणी घालतात. तिथे ‘जे’ हा शब्द उपयोगी पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ मांस, मासे, अंडी, दूध आणि लसूणसुद्धा नसलेले अन्न, असा होतो. मोबाइलवर त्या पाटीचे चित्र साठवून ठेवावे आणि दुकानदाराला दाखवावे. पहिल्या दिवसासाठी ठेपले, भाजणीची तिखट पुरी आणि मेतकूट बरोबर ठेवावे, कारण प्रवासाने थकलेल्या माणसाला अनोळखी शहरात पहिले जेवण शोधणे सर्वांत जड जाते.

प्रश्न : पैसे कसे न्यावेत? सगळे रोख घ्यावेत की कार्ड? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दोन्ही. पाच-सहा दिवसांच्या सहलीसाठी टॅक्सी, बाजार आणि बक्षिसी भागेल इतके रोख आणि उरलेले फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर, अशी विभागणी करावी. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच परकीय चलन रोख नेता येते. चलन विमानतळावर घेऊ नये, तिथला दर महाग पडतो. कॅम्पात, डेक्कनवर किंवा आपल्या बँकेत रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चलन विक्रेत्याकडून, पासपोर्ट, पॅनकार्ड आणि तिकीट दाखवून घ्यावे. पन्नास हजार रुपयांहून अधिक चलन घ्यायचे असेल तर रुपये रोख देता येत नाहीत, धनादेश किंवा बँकेतून भरणा करावा लागतो. पावती जपून ठेवावी. डॉलर नेत असाल तर कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा मागाव्यात; मळक्या आणि जुन्या नोटा परदेशातील दुकाने नाकारतात.

आपले नेहमीचे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात चालेलच असे नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते आणि परदेशातील वापर आपणच बँकेच्या ॲपमधून सुरू करायचा असतो. तो पुण्यातूनच सुरू करावा. तिकडे कार्ड ओढताना यंत्र बऱ्याचदा विचारते : रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून बहुतेक जण तेच निवडतात आणि चढ्या दराने पैसे मोजतात. नेहमी स्थानिक चलन निवडावे.

सहल कंपनीकडून पॅकेज घेतल्यास बिलात ‘टीसीएस’ नावाची रक्कम दिसेल. तो आपल्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे आणि प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. पावतीवर पॅन क्रमांक अचूक आहे ना, तेवढे पाहावे.

प्रश्न : सत्तर वर्षांच्या आईला सिंगापूरला नेत आहोत. तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत आणि सगळी केबिनच्या बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात मुळीच देऊ नये. बॅग चुकली तर औषधही जाते, आणि विमानाच्या पोटातील थंडीने ते गोठण्याचा संभव असतो. गोळ्या मूळ पट्टीतच असाव्यात. सोयीसाठी डबीच्या सात कप्प्यांत मोकळ्या केलेल्या गोळ्या कोणत्या आहेत, हे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला कळत नाही. डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तिकडच्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते आणि काही वेदनाशामकांत ट्रॅमाडॉल. ही द्रव्ये अनेक देशांत नियंत्रित आहेत. घरातील औषधांच्या डब्यातून जे हाती येईल ते बरोबर घेण्याची सवय इथे सोडावी.

विमा घेताना मधुमेह आणि रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहावा. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेल्या आजारामुळे नाकारलेला दावा सिंगापूरच्या रुग्णालयाच्या बिलासमोर कुटुंबाला फार महाग पडतो. विमा कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक आईच्या आणि आपल्या, दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी त्यावर कळवावे लागते. आईंना चालता येत असले तरी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवावी. ती विनामूल्य असते, आणि मोठ्या विमानतळावर दारापर्यंतचे चालणे किलोमीटरच्या घरात जाते.

प्रश्न : मोबाइल, चार्जर वगैरेंबाबत थोडक्यात सांगाल का? (एक वाचक, वारजे)

उत्तर : पॉवर बँक केवळ केबिनच्या बॅगेत. सिंगापूर, मलेशिया, दुबई आणि ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो; युरोपातील बहुतेक देशांत आपला दोन पिनांचा चार्जर चालतो. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असल्याने इथली किटली तिकडे नीट तापत नाही. तिकडचे सिम घेतले तरी भारतीय सिम मोबाइलमध्येच ठेवून त्याचा डेटा बंद करावा आणि एसएमएससाठी रोमिंग सुरू ठेवावे, कारण बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात.

प्रश्न : परदेशात पासपोर्ट हरवला तर? (एक वाचक, औंध)

उत्तर : प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग त्या देशातील भारतीय दूतावासात जावे. छोट्या सहलीत नवा पासपोर्ट मिळेपर्यंत थांबणे शक्य नसते. दूतावास अशा वेळी ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो आणि त्यावर केवळ भारतात परतता येते. त्यासाठी जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची छायाप्रत, दोन छायाचित्रे आणि परतीचे तिकीट लागते. या तीन वस्तू पासपोर्टच्या पाकिटात न ठेवता दुसऱ्या बॅगेत ठेवाव्यात, आणि त्यांची एक प्रत पुण्यात घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी द्यावी.